रुमाल विणणारा विषाणू

सकाळच्या पाळीला यंत्रमागाच्या शेडमध्ये शिरायचं तर आधी दारात पट्टीवर फुंकर मारायची, ही सवय इचलकरंजीतल्या माणसांना गेल्या दोन वर्षांत लागली होती. बोटभर लांबीची पांढरी पट्टी. तिच्यावर तीनदा जोरात फुंकायचं आणि अर्धा कप चहा संपेपर्यंत थांबायचं. निळी रेघ उमटली तर अंगात फ्लूचा विषाणू, म्हणजे घरी परत. काहीच उमटलं नाही तर मागावर जायला मोकळे.

फ्लूच्या नव्या औषधाच्या चाचणीवर काम करणाऱ्या केतकी ढवळेने त्या दिवशी आणलेल्या पट्ट्या मात्र वेगळ्या होत्या. त्यांच्यावर दोन रेघा उमटू शकत होत्या. निळी विषाणूची आणि पिवळी औषधाची. तिने शेडमधल्या अकरा जणांना फुंकायला लावलं, पट्ट्या पत्र्याच्या टेबलावर ओळीने मांडल्या आणि घड्याळ लावून थांबली. पिवळी रेघ एकाच पट्टीवर यायला हवी होती, कारण ह्या शेडमध्ये औषध एकाच माणसाला दिलेलं होतं.

दहा पट्ट्यांवर पिवळी रेघ आली.

तिने पट्ट्या उलट्या करून पाहिल्या. उजेडात धरून पाहिल्या. मग स्वतःला शांत करण्यासाठी ती नेहमी करायची ते केलं, म्हणजे वही काढून वेळ लिहिली. सात वाजून बारा मिनिटं.

शंका घेऊनच ती आली होती म्हणा. गावात ‘बसका ताप’ थैमान घालत होता. आधी आवाज बसायचा, मग ताप, मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी छाती भरायची. फ्लूवर चालणाऱ्या दोन्ही गोळ्यांना हा विषाणू सरावला होता. डॉक्टर त्या अजून लिहून देत, पण देताना रोग्याच्या डोळ्यांकडे बघत नसत. शेजारच्या शेडमधले पाच जण इस्पितळात होते, एक गेला होता. आणि ह्या शेडमधून एकही माणूस इस्पितळात गेला नव्हता. रोजच्या साध्या पट्टीवर निळी रेघ यायची, पण इतकी पुसट, की मुकादम ती बोटाने झाकून म्हणायचा, “ही रेघ न्हाई, रेघेची सावली हाय. जावा कामाला.”

“चाचा,” केतकीने दस्तगीरचाचांना बाजूला घेतलं. दस्तगीरचाचा मुजावर हे शेडचे जॉबर, म्हणजे बिघडलेला माग ताळ्यावर आणणारे. औषध त्यांनाच दिलेलं होतं. “तुम्ही नऊ दिवस घरात बसायचं होतं.”

“बसलो की.”

“नऊ दिवस?”

“सहा.”

“आणि सातव्या दिवशी?”

“चार नंबरचा माग धोटा बाहेर फेकायला लागला म्हणून बसाप्पानं फोन केला. आगं, कुणाच्या डोळ्यात गेला असता तर? आलो, पट्टा आवळला, सगळे माग एकदा चालवून बघितले आन् गेलो. कुणाला हात लावला न्हाई. मास्क होता की तोंडाला!”

“सगळे माग चालवून बघितले. म्हणजे सगळे धोटे भरले?”

दस्तगीरचाचा एकदम चार नंबरच्या मागाकडे बघू लागले. पलीकडे उभा असलेला त्या मागाचा कामगार बसाप्पा फिस्सकन हसला. “मास्क लावून धोटा कसा भरायचा, म्याडम? शिकवा की आमाला.”

केतकीने वहीत लिहिलं: धोटा. धोटा म्हणजे मागावर डावीकडून उजवीकडे धावणारी लाकडी होडी. तिच्या पोटात सुताची कांडी बसवायची आणि कुशीतल्या बारीक भोकातून धागा बाहेर काढायचा. त्यासाठी तारेचा आकडा असतो, प्रत्येक मागाला टांगलेला असतो आणि कुणी त्याला हात लावत नाही. भोकाला ओठ लावून एक झुरका मारला की धागा सुळकन तोंडात येतो. एका पाळीचा कामगार जातो, दुसरीचा येतो, धोटा तोच राहतो.

हे तिला माहीत नव्हतं असं नाही. तिच्या वडिलांचे चार माग होते. संध्याकाळी त्यांच्या खालच्या ओठाला पांढरा तंतू चिकटलेला असायचा आणि तो काढायचं काम तिचं असे. पुण्याच्या संशोधन संस्थेत औषधाच्या चाचणीसाठी प्रश्नावली करायची होती, तेव्हा इचलकरंजीची म्हणून ते काम तिच्याकडेच आलं. बेचाळीस प्रश्न तिने काढले. थुंकता का, तंबाखू वाटून खाता का, एका पेल्यातून पाणी पिता का. धोट्याचा प्रश्न त्यात नव्हता. रोज पाहिलेली गोष्ट तिला दिसलीच नव्हती.

“म्हणजे आमच्या अंगात नेमकं काय शिरलंय?” बसाप्पाने विचारलं. तो आता हसत नव्हता.

माग बंद होते. अकरा जण तिच्याभोवती उभे राहिले. केतकीने कांड्यांच्या पाटीतून आठ कांड्या उचलल्या आणि टेबलावर मांडल्या.

“फ्लूच्या विषाणूत आठ तुकडे असतात. अशा आठ कांड्या समजा. प्रत्येकीत थोडी-थोडी माहिती, नवा विषाणू कसा बनवायचा याची. विषाणूला स्वतःचा कारखाना नसतो. तो तुमच्या पेशीत शिरतो, तुमची वीज, तुमचं सूत वापरतो आणि स्वतःच्या हजार नकला काढून बाहेर पडतो.”

“फुकटा हाय म्हणायचं.”

“फुकटा. आता आम्ही काय केलं, आठातली एक कांडी तोडून एवढीशी ठेवली.” तिने एका कांडीवरचं सूत उलगडून बोटभर ठेवलं. “याला आम्ही म्हणतो अर्धविषाणू. हा एकटा काहीच करू शकत नाही, कारण त्याची कांडी अपुरी आहे. पण खऱ्या विषाणूच्या बरोबरीने पेशीत शिरला, की त्याने लावलेल्या मागावर हा बसतो. आणि ह्याचा तुकडा आखूड. आखूड तुकडा लवकर विणून होतो.”

दस्तगीरचाचांच्या ध्यानात सगळ्यांत आधी आलं. “म्हणजे धोतर निघायच्या आत ह्याचे पन्नास रुमाल निघत्यात.”

“बरोबर.”

“आन् सूत रुमालातच संपतंय. धोतर निघतच न्हाई.”

“तेच. विषाणू गोळ्यांना फसवायला शिकला, पण ह्याला फसवायचं तर त्याला स्वतःचा मागच बदलावा लागेल. ते सोपं नाही. शिवाय रुमालांची एवढी गर्दी झाली की पेशीला संशय येतो आणि ती धोक्याची घंटा वाजवते. अंग जागं होतं.”

“मग चांगलंच झालं की,” मागून कुणीतरी म्हणालं.

“चांगलं झालं?” बसाप्पा वळला. “तुझ्या अंगात कुणीतरी कायतरी सोडलं, तुला न इचारता, आन् चांगलं झालं? चाचांनी सही केली व्हती. मी केली व्हती का? म्याडम, मला एक सांगा, आमाला इचारलं कुणी?”

 केतकीने खिशातून बारावी पट्टी काढली, मास्क खाली करून तीनदा फुंकली आणि टेबलावर ठेवली. तीन दिवसांपूर्वी साध्या पट्ट्या द्यायला आली तेव्हा ती इथेच, ह्याच टेबलाशी, सगळ्यांबरोबर चहा प्यायली होती. रेघा हळूहळू उमटल्या. निळी केसाएवढी. पिवळी ठसठशीत.

“मलाही नाही विचारलं,” ती म्हणाली. आणि संमतीचा तो फॉर्म तिनेच लिहिला होता, हे आठवून तिला स्वतःचाच राग आला.

चाचणीचे प्रमुख डॉ. निरंजन सोहोनी यांना तिने सात चाळीसला फोन केला आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं. धोट्याचंसुद्धा.

सोहोनी ओरडले नाहीत. ते ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं. “केतकी, शेडला कुलूप लाव. आतला बाहेर जाणार नाही, बाहेरचा आत येणार नाही. तूसुद्धा आतच राहा. नऊ दिवस. खरा विषाणू संपला की अर्धविषाणू आपोआप संपतो, त्याला दुसरा आधार नाही. खाटा आणि जेवण दुपारपर्यंत पोचेल.”

“सर, इथला एकही माणूस आडवा झालेला नाही. पलीकडच्या शेडमधले पाच जण...”

“मला आकडे कळतात. पण माणसामाणसांत पसरणारं औषध आपण बनवलेलं नाही, निदान तशी परवानगी आपल्याकडे नाही. हे बाहेर गेलं तर देखरेख समिती चाचणी थांबवेल. तीन इस्पितळांत चव्वेचाळीस माणसं ह्या औषधाची वाट बघताहेत. ती चव्वेचाळीस नावं तू वाचली आहेस.”

तिने ती वाचली होती. तिने कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यातल्या ओळखपत्राच्या दोरीला अडकवली.

“झ्याक,” जाळीच्या दाराकडे बघत बसाप्पा म्हणाला. “शिरताना इचारलं न्हाई, आता काढतानाबी इचारंनात.”

दुपारी दोनच्या सुमाराला जाळीवर कुणीतरी चापट मारली. केतकीने पाहिलं तर दारात रुक्माक्का उभी होती. केतकीच्या वडिलांची थोरली बहीण, लग्न न करता माहेरीच राहिलेली. सगळे अक्का म्हणत म्हणून केतकीही अक्काच म्हणे. अंगावर शाल, कपाळ घामाने डबडबलेलं, आणि श्वास घेताना गळ्याखालचा खळगा आत ओढला जात होता. चाळीस वर्षं घरात बसून तिने कांड्या भरल्या होत्या. तिच्या फुप्फुसात हवेपेक्षा सुताचा कोंडा जास्त आहे, असं डॉक्टर गमतीने म्हणायचे. गंमत कुणालाच वाटायची नाही.

“दार उघड,” अक्का म्हणाली. आवाज पार बसला होता.

“अक्का, तू अंथरुणात असायला हवं. कधीपासून ताप आहे?”

“काल सकाळपास्नं. दोन्ही गोळ्या झाल्या. काय फरक न्हाई. दार उघड म्हंते मी.”

“इथे बंदी आहे. आतलं औषध पसरतंय.”

“मग मी काय भजी खायाला आले व्हय? त्यासाठीच आले.”

आतल्या खाटेवरून दस्तगीरचाचा उठून बसले. बाकीचेही जाळीपाशी आले.

“हे कुणी सांगितलं तुला?” केतकीने विचारलं.

“बसाप्पाच्या बायकोनं. त्यानं फोनवर तिला सांगितलं, तिनं गल्लीला. आगं, तुमी दाराला कुलूप लावलंसा, फोनला लावलं न्हाई.”

केतकी जाळीच्या जवळ गेली. “अक्का, तुझं नाव मी स्वतः यादीत घातलं होतं. कोंड्याने खराब झालेल्या छातीला हे औषध देत नाहीत म्हणून ते काढलं.”

“का देत न्हाईत?”

“औषधाने अंगातली धोक्याची घंटा वाजते. त्याने फुप्फुस थोडं सुजतं. धडधाकट माणसाला ते झेपतं. तुझं आधीच...” ती थांबली. “तुझं फुप्फुस आणखी सुजू शकतं. तू त्यानेच जाऊ शकतेस.”

“किती जण गेले तसे?”

“माहीत नाही. तुझ्यासारख्या कुणाला दिलंच नाही.”

“आन् न देता किती गेले माझ्यासारखे?”

केतकीला तो आकडा तोंडपाठ होता. दहातले सहा. तिने सांगितला. खोटं बोलायची सोय अक्काने लहानपणापासून ठेवली नव्हती.

रुक्माक्काने जाळी धरून दम घेतला. “चाळीस वर्सं कोंडा गिळला मी. रोजच्या रोज. तवा कुणी आलं न्हाई इचारायला, की बाई, तुझ्या छातीला हे चालतंय का. आता औषध घ्यायची पाळी आली तर छातीची चौकशी? मी मरायची शक्यता जास्त म्हणून मला यादीतनं काढलं? मग वाचायची गरज कुणाला जास्त हाय, सांग की तुझ्या सायबाला.”

“अक्का, मी दार उघडलं तर चाचणी बंद पडेल. चव्वेचाळीस माणसं वाट बघताहेत.”

“त्यांना कुणी सांगितलं, की एका म्हातारीला बाहेर मरू दिलं तरच तुमाला मिळंल? सांगितलं असतं तर काय म्हणाले असते? तू इचारलंस?”

 मग बसाप्पा, जो सकाळपासून केतकीकडे बघायलाही तयार नव्हता, पुढे आला. “म्याडम, मला न इचारता दिलं त्याचा मला राग हाय. अजून हाय. पण ही बाई सोताच्या पायानं चालत आली आन् मोठ्यानं मागतीया. हिला तरी हिच्या तोंडानं बोललेलं धरा की.”

केतकीने फोन लावला, स्पीकर चालू केला आणि फोन जाळीवर टेकवून धरला. “सर, माझी आत्या दारात आहे. तिला लागण झालेली आहे. धोका तिला समजावून सांगितला आहे. ती स्वतः आत यायचं म्हणते. नात्यातली आहे हेही मी नोंदवते आहे.”

“केतकी, नको.” सोहोनींचा आवाज थकलेला होता. “आज तुझी आत्या. उद्या कुणीही येईल आणि मागेल. नियम कशासाठी असतात? माणसाच्या भीतीचा फायदा कुणी घेऊ नये म्हणून. मरणाच्या दारातल्या माणसाची संमती ही संमती नसते.”

“कुणाच्या दारातली म्हणाला?” अक्काने जाळीतून फोनकडे तोंड नेलं. “सायेब, मी शेडच्या दारात हाय. ताप हाय, पण डोकं ठिकाणावर हाय. आज बुधवार. माझं नाव रुक्मिणी ढवळे, वय एकसष्ट. मला कुणी भुलवलं न्हाई. उलट ही पोरगी तासभर नको-नकोच म्हणायलीया.”

“दहा मिनिटं झालीत, अक्का,” केतकी नकळत म्हणाली.

“मला तासभर वाटलं. उभी मी हाय.”

 सोहोनी म्हणाले, “मी तुला परवानगी देऊ शकत नाही. आणि समितीला मला कळवावंच लागेल. आजच.”

“कळवा, सर. मीही लिहिते आहे. कुलूप माझ्या हाताने उघडलं, वेळ दोन वाजून एकवीस मिनिटं. समितीला काही विचारायचं असेल तर त्यांनी इथे यावं आणि जाळीच्या ह्या बाजूने विचारावं. पुण्यातून नाही.”

तिने किल्ली फिरवली. रुक्माक्का आत आली, दस्तगीरचाचांच्या खाटेवर टेकली आणि मास्क काढून म्हणाली, “चाचा, काय तोंड फिरवून बसलाय? आता तरी जवळ येऊन बोला. चार शब्द बोला, जरा मोठ्यानं.”

शेडमध्ये त्या दिवशी पहिल्यांदा सगळे एकदम हसले. ती रात्रीपर्यंत त्यांच्याशी बोलत राहिली, मध्ये धापा टाकत, जुन्या मालकांची नक्कल करत. रुमाल हवेतून जात असेल तर हवा भरपूर हवी, असा तिचा हिशेब होता, आणि तो चुकीचा नव्हता.

गुरुवारी तिच्या पट्टीवर पिवळी रेघ आली. गुरुवारी दुपारी तिची छाती सुजली. केतकीने सांगितलं होतं तसंच झालं. प्राणवायू चौऱ्याऐंशीवर उतरला, इस्पितळातून मागवलेल्या सिलिंडरची नळी लावावी लागली, आणि तीन तास केतकी बोटाला लावलेल्या मापकाशिवाय जगात दुसरं काही बघत नव्हती. समितीचं पत्र त्याच तीन तासांत आलं. चाचणी स्थगित. तिचं काम तात्पुरतं काढून घेतलेलं. तिने ते वाचलं आणि फोन पालथा ठेवला.

शुक्रवारी सकाळी आकडा एक्याण्णव होता. निळी रेघ पुसट झाली होती. “भूक लागली,” अक्का म्हणाली, “पण तुमची ती खिचडी नको.”

एका माणसावरून काहीच सिद्ध होत नाही, हे केतकीला कुणी सांगायची गरज नव्हती. तिने आकडे लिहिले आणि शेजारी तसं स्पष्ट लिहिलंही. मग बाहेर आवाज झाला म्हणून ती दाराशी गेली.

जाळीच्या बाहेर रांग होती. पंचवीस-तीस माणसं असावीत. कुणाला खांद्याचा आधार देऊन आणलं होतं, एक म्हातारा हातगाडीवर आडवा होता. प्रत्येकाच्या हातात निळ्या रेघेची पट्टी होती. ती पट्टी रेशनकार्डासारखी पुढे धरून ते उभे होते. “चव्वेचाळीसातला मी एक,” रांगेतला पहिला माणूस म्हणाला. त्याने नाव सांगितलं. तिने ते ओळखलं. “इस्पितळात सांगितलं, चाचणी बंद झाली. मग म्हटलं इकडंच जावं. इथली बंद झालेली न्हाई न्हवं?”

“समितीने बंद केली आहे,” केतकी म्हणाली. “अर्धविषाणूने नाही.” तिने प्रत्येकाला धोका समजावून सांगायचा, त्याच्याच तोंडून ऐकून घ्यायचा आणि नाव-वेळ लिहून मगच आत घ्यायचं ठरवलं. बसाप्पाने टेबल दाराशी ओढलं आणि स्वतःच पहिल्याला दरडावून विचारलं, “काय घेतोयस, कळलंय का तुला? सांग बघू मला.” मागे दस्तगीरचाचा नव्या माणसांसाठी खाटा सरकवू लागले. कुणी कितीही पत्रं पाठवली तरी हे दार आता बंद व्हायचं नाही, हे तिला कळलं. आणि ते बरं वाटलं.

रांगेच्या बाहेर, गल्लीच्या पलीकडच्या कडेला, एक तरुण बाई उभी होती. पूनम बुगड. शेडच्या समोरच्याच घरात राहायची. कडेवर चार महिन्यांचं बाळ. ती रांगेत येत नव्हती आणि जातही नव्हती.

“तुम्हाला यायचं आहे का?” केतकीने विचारलं.

“न्हाई,” पूनम म्हणाली. “मला नको हाय ते. माझ्या बाळालाबी नको. चांगलं असंल, असू दे. मी न्हाई म्हंते.”

“मग तुमच्यावर कुणाची सक्ती नाही.”

“ते मला कळतंय.” पूनमने बाळाच्या डोक्यावरचं टोपरं सारखं केलं आणि शेडच्या भिंतीकडे बोट दाखवलं. वरच्या बाजूला वाऱ्यासाठी सोडलेल्या झरोक्यांची ओळ होती. “ही हवा आमच्या खिडकीत येती. म्हातारीनं हो म्हटलं, तुमी दार उघडलंसा. मी न्हाई म्हटलं, तर तुमी काय बंद करणार, म्याडम?”